वर्कशॉपसाठी टिकाऊ काँक्रीटची जमीन: जाडी किती, जाळी कोणती, सांधे कुठे?

लेथ_आणि_मी

नमस्कार मंडळी. घराला लागून शेड आहे, आतून २० बाय १६ फूट. पुढे शटरकडून गाडी आत येते, मागच्या भिंतीला लेथ, उभं ड्रिल आणि वेल्डिंगचं टेबल आहे. खाली जुना कोबा (काँक्रीटचा पातळ थर) आहे, जागा घेतली तेव्हापासूनचा, जेमतेम दोन इंच असेल. तो आता पार गेलाय. कितीही झाडा, धूळ येतच राहते, ती लेथच्या बेडवर बसते, तेलात मिसळून तिची पेस्ट होते आणि स्लाइड घासल्या जातात. सगळ्यात जास्त त्रास मला याचाच आहे. गाडीची चाकं येतात तिथले पोपडे निघालेत, जॅक लावला की खाली खचतं, हातोडीनं ठोकून बघितलं तर निम्म्या ठिकाणी पोकळ वाजतं. पाऊस लागला की मागच्या कोपऱ्यात ओलसुद्धा दिसते.

आता एकदाच नीट करायचं ठरवलंय. पुढेमागे दोन खांबांची गाडी उचलायची लिफ्ट बसवायचा विचार आहे, म्हणजे जमीन त्या हिशोबानं हवी. मला हे कळत नाहीये की जुन्या कोब्यावरच नवीन काँक्रीट टाकलं तर चालेल का सगळं उकरावं लागेल, जाडी चार इंच पुरते का सहा लागते, लोखंड किती टाकायचं, आणि वरून इपॉक्सी मारलं तर धुळीचा प्रश्न कायमचा सुटेल का. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. ज्यांनी स्वतः असं काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

साइटवाला

दादा, आधी जुन्या कोब्याचं. पोकळ वाजतोय म्हणजे तो खालच्या भरावापासून सुटलाय, खालचा भराव बसलाय आणि मधे हवा आहे. त्याच्यावर पाच इंच टाका नाहीतर आठ, आधार मधेमधेच मिळणार आणि जिथं आधार नाही तिथं नवीन जमीनसुद्धा तडकणार. जुन्या काँक्रीटवर थर देता येतो, पण ते जुनं काँक्रीट स्वतः धड असेल तर. तुमचं नाहीये. उकरा. तोडलेला राडारोडा खाली भरावाला वापरू असं कोणी म्हणालं तर मोठी ढेपाळं आत जाऊ देऊ नका, त्यांच्यामधे पोकळ्या राहतात, बारीक फोडून वापरायचं तर ठीक.

उकरल्यावर खाली काय निघतं ते बघा. मुरूम किंवा घट्ट माती असेल तर नशीब चांगलं. काळी चिकण माती निघाली तर ती शक्य तेवढी काढून टाका, कारण ती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसते, वरची जमीन कितीही भारी केलीत तरी ती उचलून धरते. तिच्या जागी मुरूम भरायचा. भरताना एकदम फूटभर टाकून वरून रोलर फिरवायचा नाही, वरचे चार इंच कडक होतात आणि खालचं भुसभुशीत राहतं. सहा इंचाचा थर, हलकं पाणी, प्लेट कॉम्पॅक्टर (माती दाबायचं थरथरणारं मशीन), मग पुढचा थर. कॉम्पॅक्टर भाड्यानं मिळतो, हातातल्या धुम्मसावर एवढं काम सोडू नका, धुम्मस फक्त कोपऱ्यांना आणि भिंतीच्या कडेला. बुटाची टाच जोरात मारून खड्डा पडत नाही इथपर्यंत दाबायचं. शेवटचा चार ते सहा इंचाचा थर खडी आणि कचेचा (दगडाच्या बारीक चुऱ्याचा), तोही दाबून लेव्हलला आणायचा. हा थर वरखाली राहिला तर वरच्या काँक्रीटची जाडी कुठं चार कुठं सहा होते, आणि पातळ जागी तडा ठरलेला.

तुमच्याकडे ओल आहे म्हणून खडीच्या वर प्लॅस्टिकचा जाड कागद हवाच, २५० मायक्रॉनचा. जोडावर सहा इंच एकमेकांवर चढवून टेप लावायची, भिंतीकडे थोडा वर वळवायचा. खडीची टोकं कागदाला भोकं पाडतात म्हणून आधी कच पसरून वरचा थर गुळगुळीत करून घ्या.

जाडीचं म्हणाल तर नुसत्या गाडीला चार इंच पुरतात, मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय, खालचा बेस चांगला असेल तर चार इंच वर्षानुवर्षं काही होत नाही. पण लेथ आहे आणि लिफ्ट येणार आहे, म्हणून पाच इंच धरा आणि लिफ्टच्या खांबाखाली वेगळं जाड करा. शटरच्या तोंडाशीसुद्धा फूटभर रुंदीची पट्टी आठ इंच खोल घ्या, कारण गाडीचं चाक तिथं रोज कडेवर चढतं आणि मोकळी कड सगळ्यात आधी तुटते. काँक्रीट एम-२५, म्हणजे २८ दिवसांत चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद देणारं.

पाच इंचानं तुमचं माप साधारण ३.८ घनमीटर होतं, कडेची जाडी आणि वाया जाणारं धरून सव्वाचार सांगा, लिफ्टच्या खांबाखालचं जाड काँक्रीट त्यावर वेगळं धरा. मधेच माल संपला तर जो जोड पडतो तो आपण ठरवलेल्या जागी पडत नाही.

शेडवाला

मी आमच्या शेडमधे १२ एमएमची सळई दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंचावर टाकली, काँक्रीटमधे सिमेंट नेहमीपेक्षा दोन पोती जास्त टाकायला लावलं आणि वरून कोरं सिमेंट भुरभुरून नीरू (गुळगुळीत सिमेंटचा थर) काढून घेतला, एकदम काचेसारखं झालं. माझं म्हणणं एवढंच की लोखंडात आणि सिमेंटमधे हात आखडू नका, हे काम परत परत होत नाही. ओतताना माल पातळ ठेवला की सगळीकडे नीट पसरतो, कोपरे भरतात.

रंधापट्टी

शेडवाला, लोखंडाची काळजी मला समजते, पण तुम्ही सांगितलेल्या शेवटच्या दोन गोष्टींनीच जमिनीची धूळ सुटते म्हणून यावर जरा लांबण लावतो, प्रश्न विचारणाऱ्याचा मुख्य त्रास धुळीचाच आहे.

काँक्रीट ओतून सपाट केलं की थोड्या वेळानं जड माल खाली बसतो आणि पाणी वर येतं, सगळ्यांनी बघितलं असेल, वर ओला चकचकीत थर दिसतो. आता या पाण्यावर थापी फिरवली किंवा ते शोषायला म्हणून कोरं सिमेंट भुरभुरलं तर ते पाणी वरच्या दोन-तीन मिलिमीटरमधेच कोंडलं जातं. म्हणजे सगळ्या जमिनीत जिथं सर्वात जास्त ताकद हवी तिथं सर्वात जास्त पाणी असलेला कच्चा थर तयार होतो. पहिले काही महिने तो काचेसारखाच दिसतो, त्याबद्दल वाद नाही. नंतर चाकाखाली तो भुकटी होऊन निघायला लागतो आणि झाडू मारून मारून माणूस दमतो. लेथ_आणि_मी, तुमच्या कोब्याचे पोपडे बघा, वरची साल पातळ आणि गुळगुळीत निघत असेल आणि खाली वाळू दिसत असेल तर हेच झालंय.

उपाय अगदी साधा आहे पण धीर लागतो. पट्टीनं लेव्हल करायची, लगेच लाकडी रंधा (सपाट करायची लाकडी थापी) एकदा फिरवायचा, आणि मग हात बाजूला ठेवून थांबायचं. वरचं पाणी आपोआप उडून चमक जाईपर्यंत आणि माणूस उभा राहिल्यावर बुटाचा ठसा पाव इंचापेक्षा जास्त खोल उमटत नाही तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही. थंड हवेत याला चार-पाच ताससुद्धा लागतात. गवंडी लोकांना घरी जायची घाई असते, तेवढ्यासाठी सिमेंट भुरभुरतात, हे काम सुरू करायच्या आधीच बोलून घ्या. मग पॉवर ट्रॉवेल किंवा हातानं लोखंडी थापी, दोन-तीन वेळा, मधे अंतर ठेवून. घोटाई जेवढी योग्य वेळी तेवढी जमीन घट्ट.

पातळ मालाचं तर विचारूच नका. एक घनमीटर काँक्रीटमधे पाच लिटर पाणी वाढवलं की ताकद चौरस मिलिमीटरला साधारण दीड न्यूटननं उतरते, हा जुना ठोकताळा आहे. घमेल्यातून वाहील इतका माल पातळ केला तर एम-२५ चं काय होतं ते तुम्हीच जोडा. शिवाय जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, तेवढी जमीन आकसते आणि तडकते. जास्त सिमेंटचंही तसंच, सिमेंट वाढलं की पेस्ट वाढते, पेस्ट वाढली की आकसणं वाढतं. ५० किलोच्या पोत्याला २२ ते २५ लिटर पाणी, त्यातही वाळू ओली असेल तर वाळूतलं पाणी धरून. माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घालायचा, पाणी नाही. तयार काँक्रीटची गाडी मागवली तर ड्रायव्हरला आधीच सांगा की पाण्याचा पाइप सोडायचा नाही, आणि माल दोन तासांच्या आत उतरला पाहिजे.

साइटवाला

रंधापट्टी यांनी लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. लोखंडाचं मी पुरं करतो, कारण यात बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. जमिनीतली जाळी तडा *पडू देत नाही* असं नसतं, काँक्रीट आकसतं आणि तडा पडायचा तिथं पडतोच. जाळी तो तडा उघडू देत नाही, दोन्ही बाजू घट्ट धरून ठेवते, एवढंच तिचं काम. म्हणून ती कुठं आहे याला किंमत, किती जाड आहे याला नंतर. सगळीकडे काय होतं, जाळी प्लॅस्टिकवर अंथरतात, वरून काँक्रीट ओततात आणि ओतताना हुक घालून वर ओढू म्हणतात. ओढतात पण पुढच्या क्षणी त्याच्यावर पाय पडतो आणि ती परत तळाशी जाते. तळाशी पडलेली जाळी म्हणजे पुरलेलं लोखंड. तिला वरच्या भागात ठेवायचं, वरून दीड ते दोन इंच आत, आणि त्यासाठी खाली खुर्च्या (सळई वाकवून केलेले पाय) किंवा उंच कव्हर ब्लॉक (सिमेंटचे ठोकळे) दोन-अडीच फुटांवर लावायचे. ८ एमएमची सळई आठ इंचावर दोन्ही दिशांना भरपूर झाली. १२ एमएमनं नुकसान नाही, पण तो खर्च खालच्या भरावावर आणि कॉम्पॅक्टरवर गेला तर जास्त उपयोगी पडतो.

तडा कुठं पडावा हे आपण ठरवायचं, त्यासाठी सांधे. सांध्यांमधलं अंतर जाडीच्या २४ ते ३० पट, म्हणजे पाच इंचाला १० ते साडेबारा फूट, आणि चौकोन जमेल तितका चौरस, लांबी रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. तुमचं माप यासाठी फार सोयीचं आहे: २० फुटाच्या मधे एक कट, १६ फुटाच्या मधे एक कट, १० बाय ८ चे चार चौकोन. कटाची खोली जाडीच्या पाव, म्हणजे सव्वा इंच. अर्धा इंच खोल कट फक्त दिसायला असतो, तडा त्याला विचारत नाही आणि बाजूनं जातो.

कटर कधी लावायचा हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी दुपारी येतो म्हणणारा कटरवाला नको. काँक्रीट इतकं घट्ट झालं पाहिजे की ब्लेडनं खडी उपटून येत नाही, आणि ते झालं की लगेच. गरम हवेत ओतल्यापासून चार-पाच तासांत, थंडीत दहा-बारा तास. रात्री यावं लागलं तरी येईल असा माणूस बघा. सुका कट करणार असाल तर तोंडाला साधा रुमाल बांधून चालत नाही, ती धूळ सिलिकाची असते, चांगला मास्क घाला किंवा पाणी सोडत कट करा.

भिंती आणि खांबांना नवीन जमीन चिकटू द्यायची नाही. चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची फोमची पट्टी पूर्ण जाडीभर लावा. शेडचा लोखंडी खांब मधे येत असेल तर त्याच्याभोवती चौकोनी डबा सोडून नंतर भरा, आणि तो चौकोन ४५ अंशात फिरवून कोपरे सांध्याच्या रेषेत आणा, नाहीतर त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून तिरका तडा निघतो.

शेडवाला

खुर्च्या लावायचं आमच्याकडे कोणी बोललंच नव्हतं. सांधेही नाहीत, पूर्ण शेड एकसंध आहे, आणि मधून एक लांब तडा गेलाय, मला वाटायचं भराव बसला असेल. आता यात कट मारून काही उपयोग होईल का?

साइटवाला

तडा पडून गेल्यावर कट मारून तो परत जात नाही भाऊ. तोच तुमचा सांधा समजा. कडा तुटायला लागल्या असतील तर त्याच रेषेवर छोटा कटर फिरवून कडा सरळ करा आणि भरून घ्या. दोन्ही बाजू एका पातळीत आहेत तोवर घाबरायचं कारण नाही, एक बाजू खाली गेली तर मात्र खालचा भराव बसतोय.

जुनं_गॅरेज

माझं गाड्यांचं काम आहे, मी काँक्रीटबद्दल या दोघांइतकं सांगू शकणार नाही पण जमिनीवर रोज काम करणाऱ्याच्या बाजूनं काही गोष्टी.

ओतायच्या *आधी* आराखडा काढा, कागदावर, मापात. लेथ कुठं, कॉम्प्रेसर कुठं, लिफ्टचे खांब कुठं. लिफ्टच्या कंपनीच्या कागदात काँक्रीटची कमीत कमी जाडी, ग्रेड, अँकर बोल्ट सांध्यापासून आणि कडेपासून किती लांब हवा, हे सगळं दिलेलं असतं, तो कागद आत्ताच मागवून घ्या, लिफ्ट दोन वर्षांनी घ्यायची असली तरी. वर सांगितलेला मधला आडवा कट शटरपासून १० फुटांवर येतोय, तुमचे खांब बरोबर त्याच रेषेत आले तर बोल्टला पकडच राहणार नाही. खांब सात फुटांच्या आसपास धरले तर दोन्ही चौकोनांच्या पोटात येतात. त्या दोन जागा चार बाय चार फूट आणि फूटभर खोल करून ठेवा, काँक्रीट जमिनीबरोबर एकसंधच ओता, आणि कडा एकदम काटकोनात न खणता उतरत्या ठेवा. छताची उंचीही आत्ताच मोजा, जमीन वर आली की वरची जागा तेवढी कमी होते.

उतार द्या. गाडी ओली आत येते, धुतली जाते, पाणी बाहेर गेलं पाहिजे. मीटरला एक सेंटीमीटर पुरतो. तुमची मशीन मागे आहेत ते बरं आहे, मागचे सहा फूट लेव्हल ठेवा आणि पुढच्या चौदा फुटांत शटरकडे पावणेदोन इंच उतार. उतार शटरच्याच दिशेनं असला की लिफ्टचे दोन्ही खांब एका पातळीत राहतात. आणि हा उतार खालच्या खडीच्या थरातच काढा, वरच्या काँक्रीटमधे काढायला गेलात तर शटरकडची जाडी कमी होईल.

लेथला जमिनीवर अवलंबून ठेवू नका, जमीन कितीही लेव्हल असली तरी लेथ त्याच्या पायांच्या स्क्रूवर घेऊनच लेव्हल करायचा. पण त्याच्या पायाखालून सांधा जाऊ देऊ नका, दोन चौकोन वेगवेगळे हलतात आणि बेडला पीळ बसतो.

मधे ठेवायच्या टेबलासाठी वायरचे पाइप जमिनीखालून घाला, खडीच्या थरात, काँक्रीटच्या जाडीत नको. एक रिकामा पाइप दोरी घालून जास्तीचा टाकून ठेवा. हवेची लाइन मात्र वरूनच न्या, जमिनीत गळली तर सापडत नाही.

तेल सांडून काँक्रीट खराब होत नाही, फक्त डाग पडतो. बॅटरीचं ॲसिड मात्र काँक्रीट खातं, जिथं बॅटऱ्या ठेवता तिथं ट्रे ठेवायचा. आणि सांध्यात मऊ सिलिकॉन भरू नका. ट्रॉली जॅकची आणि इंजिन काढायच्या क्रेनची चाकं लहान आणि लोखंडी असतात, मऊ भरलेल्या सांध्यावरून गेली की दोन्ही कडा फोडतात. सांध्यासाठी कडक भरण मिळतं, पॉलियुरिया किंवा इपॉक्सीचं, ते जमेल तेवढं उशिरा भरायचं, काँक्रीट आकसून सांधा उघडून झाल्यावर.

लेथ_आणि_मी

एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, खरंच आभार. उकरायचं नक्की केलं. पोपडे बघितले, रंधापट्टी म्हणतात तसंच आहे, वरची साल गुळगुळीत आणि खाली नुसती वाळू.

आता इपॉक्सीचं कोणीतरी सांगा. आणि पाणी किती दिवस मारायचं? एक जण म्हणाला आजकालच्या सिमेंटला तीन दिवस पुरतात. फायबर टाकायचं का?

रंधापट्टी

तीन दिवसांवर अजिबात थांबू नका. सात दिवस कमीत कमी, आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल किंवा हवा गरम असेल तर दहा. जमिनीची झीज सोसायची ताकद सगळी वरच्या थरात असते आणि वाळतोही आधी तोच थर, म्हणून खांब-बीमपेक्षा जमिनीला पाण्याची गरज जास्त. दुसऱ्या दिवशी कडेनं मातीचे छोटे बांध घालून वाफे करा आणि इंचभर पाणी साठवून ठेवा, उतारामुळे पुढे जास्त साठेल, मागे ओलं गोणपाट अंथरा आणि वर प्लॅस्टिक. सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडून जाणं म्हणजे दुपारभर कोरडं ठेवणं, ओलं-सुकं ओलं-सुकं झालं की वर बारीक जाळीसारख्या चिरा येतात. पहिल्या दिवशी ओतताना वाऱ्याचीही काळजी घ्या. शटर दोन्ही बाजूंनी उघडं असेल तर वारा वरचं पाणी इतक्या लवकर उडवतो की काँक्रीट घट्ट व्हायच्या आधीच तडे जातात. पडदे लावा, पहाटे ओता. फायबरचा उपयोग या सुरुवातीच्या तड्यांसाठी होतो, घनमीटरला ६०० ते ९०० ग्रॅम पॉलिप्रॉपिलीनचं बारीक फायबर टाकायला हरकत नाही, पण ते जाळीच्या बदल्यात नाही.

गाडी दहा दिवसांनी, लेथ आणि लिफ्ट २८ दिवसांनंतर. ओल्या सिमेंटमधे काम करणाऱ्या सगळ्यांना गमबूट आणि हातमोजे द्या, गुडघ्यावर बसून थापी फिरवणाऱ्यांची कातडी जळते आणि ते संध्याकाळपर्यंत कळत नाही.

इपॉक्सीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते *चांगल्या* जमिनीवर चांगलं दिसतं आणि साफ करायला सोपं जातं, पण कच्च्या जमिनीची धूळ थांबवायला मारलं तर वरची साल घेऊन सोलून निघतं. तुमच्या मागच्या कोपऱ्यात ओल आहे, म्हणून मारायच्या आधी दीड फूट चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा, खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळं पडलं तर थांबा. २८ दिवसांच्या आत तर नकोच. गुळगुळीत घोटलेल्या जमिनीवर ते धरत नाही, आधी ग्राइंडर फिरवून खरखरीत करावं लागतं. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ते जळतं, आणि तापलेल्या टायरनं पातळ इपॉक्सी उचललं जातं.

धूळ हाच त्रास असेल तर दोन चांगले मार्ग आहेत. एक, घोटाईच्या वेळी क्वार्ट्झ किंवा धातूच्या कणांचं फ्लोअर हार्डनर, चौरस मीटरला तीन ते पाच किलो, दोन फेऱ्यांत भुरभुरून. हे आणि कोरं सिमेंट यात गल्लत नको: हार्डनर वरचं पाणी गेल्यावरच टाकायचं आणि रंध्यानं आत दाबायचं. दुसरा, नंतर मारायचं पातळ डेन्सिफायर, सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं. ते आत मुरतं, काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून छिद्रं भरतं आणि वर थर राहतच नाही, त्यामुळे सोलायला काही नसतं. तुमच्या जागी मी असतो तर मशीनकडच्या भागात आणि चाकांच्या पट्ट्यात हार्डनर टाकलं असतं आणि सगळीकडे डेन्सिफायर मारलं असतं.

लेथ_आणि_मी

ठरलं, हार्डनर आणि डेन्सिफायर, इपॉक्सी नाही. शेवटची एक अडचण. लेथ बाहेर काढून ठेवायला जागा नाही, क्रेन लावून हलवणं सोपं नाही. अर्धी जमीन आधी करून, लेथ तिच्यावर सरकवून, मग दुसरी अर्धी केली तर मधला जोड कच्चा राहतो का?

साइटवाला

नाही राहत, नीट केला तर. जोड तुमच्या १० फुटांच्या कटाच्या रेषेवरच घ्या, म्हणजे जिथं सांधा यायचाच होता तिथं. आधी पुढचा भाग ओता. त्या रेषेवर सरळ फळी उभी करा आणि फळीच्या बरोबर मध्यावर, अडीच इंचावर, फुटाफुटावर भोकं पाडून २० एमएमची *गुळगुळीत* सळई घाला, साधारण १६ इंच लांब, अर्धी आत अर्धी बाहेर. रिब असलेली सळई इथं नको. सगळ्या सळया एकमेकींना समांतर आणि जमिनीच्या पातळीत पाहिजेत, एक जरी तिरकी बसली तरी ती सांधा अडवते आणि बाजूला तडा काढते. टोकं करवतीनं कापा, कातरलेल्या टोकाला ओठ येतो आणि तो अडकतो. बाहेर राहिलेल्या अर्ध्या भागाला दुसरा भाग ओतायच्या आधी ग्रीस लावा. मग जमीन आकसली की सळई सरकते, पण चाकाचं वजन एका बाजूकडून दुसरीकडे जातं आणि कोणतीच कड एकटी दबत नाही. जाळी या जोडातून आरपार नेऊ नका, दोन्ही बाजूंना दोन इंच आधीच थांबवा.

कडेला सिमेंटचं पाणी गळून खडी उघडी पडते म्हणून फळीला लागून व्हायब्रेटर नीट चालवा आणि फळी काढताना कड फुटू देऊ नका. पुढच्या भागाला दहा दिवस पाणी, आणि लेथ २८ दिवसांनंतरच त्याच्यावर घ्या. हलवताना खाली रोलरचे पाइप थेट जमिनीवर नकोत, जाड लाकडी फळ्या टाका, नवीन कडेवरून नेताना तर वजन थेट कडेवर मुळीच येऊ देऊ नका. मागचा भाग उकरताना ब्रेकर जोडाजवळ चालवायचा नाही, बाहेर आलेल्या सळया वाकतील, शेवटचा दीड फूट छिन्नी-हातोडीनं हातानं काढा. किंवा त्याहून बरं म्हणजे त्या रेषेपलीकडचा दीड-दोन फूट जुना कोबा पहिल्याच टप्प्यात काढून घ्या, लेथच्या पुढे तेवढी जागा असेल तर.

लेथ_आणि_मी

लेथच्या पुढे साधारण पाच फूट मोकळे आहेत, म्हणजे काढता येईल. लिफ्टचा कागद मागवलाय, तो आला की खांबांची मापं टाकून आराखडा इथं लावतो, कटाच्या रेषा एकदा बघून द्या.

जुनं_गॅरेज

नक्की लावा. त्यात शटरच्या पट्टीची उंचीही लिहा, बाहेरच्या रस्त्यापेक्षा आतली जमीन किती वर येतेय ते बघायचंय, नाहीतर उतार असूनही बाहेरचं पाणी आत येईल.